निघण्याच्या चार दिवस आधी

पंक्चर नसले तरी मोटरसायकलच्या टायरमधली हवा कमी होत राहते. ट्यूबच्या रबरातून, व्हॉल्व्हच्या टोकातून, रिमच्या कडेने ती झिरपते, आणि महिन्याला एक-दोन पीएसआय जाणे यात वावगे काहीच नसते. शिवरात्रीला तीस पीएसआय भरलेला टायर पावसाळा सुरू होता होता पंचविसावर आलेला असतो. या चार महिन्यांत असा एकही दिवस उगवत नाही, की ज्या दिवशी चालवणाऱ्याला गाडी कालच्यापेक्षा वेगळी वाटली. ब्रेक शू झिजतात तसे पेडल थोडे अधिक खाली जाऊ लागते, आणि पायही नकळत तितकाच अधिक दाबायला शिकतो. चेन ढिली होते, तशी क्लच सोडण्याची लय बदलून हात तो धक्का सांभाळून घेतो. माणसाचे शरीर यंत्राशी जुळवून घेण्यात फार तरबेज आहे, आणि नेमक्या याच गुणामुळे गाडीच्या प्रकृतीबद्दल त्याची साक्ष भरवशाची राहत नाही. ‘गाडी मस्त चालतेय, काही करायची गरज नाही’ हे वाक्य लांबच्या प्रवासाआधी हमखास ऐकू येते. ते खोटे नसते, पण त्याने सिद्ध एवढेच होते की चालवणाऱ्याला त्या गाडीची सवय झाली आहे. म्हणून प्रवासाआधीची तपासणी जाणवण्यावर सोडू नये, मोजून करावी. आणि ती आदल्या रात्री न करता तीन-चार दिवस आधी करावी. या दोन गोष्टींची कारणे आता पाहू.

पहिला प्रश्न असा की शहरात रोज वीस किलोमीटर बिनतक्रार धावणारी गाडी पाचशे किलोमीटर का धावणार नाही? धावेल, बहुतेक वेळा धावतेच. पण मुंबईहून गणपतीला सावंतवाडीला जाणे म्हणजे दादर-अंधेरीच्या फेऱ्या एकामागून एक जोडणे नव्हे. वेग बदलतो, वजन बदलते, आणि सलग चालण्यामुळे उष्णता साठत जाते. यातला वेगाचा फरक आकड्यांतच पाहण्यासारखा आहे. समजा, दोन सारख्या गाड्या आहेत. एकीचे ब्रेक आणि टायर उत्तम आहेत आणि जोरात ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला सात मीटर प्रतिसेकंद इतका उतरतो. दुसरीचा जरा कमी, साडेपाच मीटर प्रतिसेकंद. ताशी तीस किलोमीटर वेगात पहिली पाच मीटरांत थांबते, दुसरी सव्वासहा-साडेसहा मीटरांत. हा फरक तीनएक हातांचा. सिग्नलला तो कुणाच्या ध्यानातही येणार नाही. त्याच गाड्या ताशी ऐंशीने धावत असतील, तर पहिली ३५ मीटरांत थांबते आणि दुसरीला जवळजवळ ४५ मीटर लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पहिली ज्या जागी पूर्ण थांबली त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ३७ किलोमीटर वेगाने जात असते. समोर थांबलेला ट्रक असेल तर पहिल्या गाडीवरचा माणूस श्वास टाकतो, आणि दुसऱ्या गाडीवरचा त्या ट्रकवर ताशी ३७च्या वेगाने आदळतो. शहरात वर्षभर जो दोष गप्प बसून होता, तो महामार्गावर पहिल्यांदा बोलतो, आणि तेव्हा दुरुस्तीची वेळ गेलेली असते.

यावर एक भक्कम आक्षेप आहे, आणि तो अभ्यासातूनच आलेला आहे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटरसायकलच्या नऊशे अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात वाहनातल्या बिघाडामुळे झालेले अपघात तीन टक्क्यांहूनही कमी निघाले. युरोपातल्या पाच देशांत १९९९-२००० या काळात ९२१ अपघात तपासले गेले. तिथे हा वाटा एक टक्क्याहून कमी होता. मग पाना घेऊन गाडीभोवती फिरण्यापेक्षा हेल्मेट घालावे, झोप पुरी करावी, वेग आवरावा, हे जास्त शहाणपणाचे नाही का? हेल्मेट, झोप आणि वेग यांचे महत्त्व अधिक आहे, हे मान्यच करायला हवे. पण या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. अशा अभ्यासात ‘बिघाड’ म्हणून मुख्यतः तेच नोंदले जाते, जे उघडपणे मोडलेले, फुटलेले किंवा तुटलेले असते. दहा मीटर उशिरा थांबणारी गाडी त्या रकान्यात बसत नाही. तिची नोंद ‘समोरचे वाहन अचानक थांबले’ अशी होऊ शकते. दुसरे असे, की जर्मनीसारख्या देशात मोटरसायकलची दर दोन वर्षांनी सक्तीची तांत्रिक तपासणी होते. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात कायद्याने ठरावीक मुदतीने तपासला जातो तो फक्त धूर. पीयूसीच्या केंद्रावर ब्रेक पॅड कुणी पाहत नाही. म्हणजे पंधरा वर्षे ही जबाबदारी एकट्या मालकाची आहे, आणि तिकडची टक्केवारी इकडे जशीच्या तशी लागू होत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते: दोन्ही अभ्यासांत बिघाडामुळे झालेले जे थोडे अपघात सापडले, त्यांतले बहुतेक टायरशी संबंधित होते. वेळ अपुराच असेल तर तो कुठे खर्चावा, याचे उत्तर यात आहे.

म्हणून टायरपासून सुरुवात करू. मोटरसायकल रस्त्याला टेकते ती दोन तळहातांएवढ्या जागेत. इंजिनची ताकद, ब्रेकची पकड, वळणावरचा तोल हे सगळे तेवढ्या रबरातून रस्त्याला पोचते. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आणि रबर सतत वाकवले की तापते. शहरात दर दोन-चार मिनिटांनी गाडी थांबते, टायर निवतो. महामार्गावर दोन-दोन तास त्याला उसंत मिळत नाही, त्यात मागे माणूस आणि सामान. हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी, किंवा पंप एक-दोन किलोमीटरच्या आत असेल तर तिथे. तीस पीएसआयच्या आसपासच्या टायरचे तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. तीस अंशांनी तापलेला टायर चार-साडेचार पीएसआय जास्त दाखवतो. पनवेलपर्यंत गाडी पळवून पेट्रोल पंपावर हवा बघणाऱ्याला आकडा बरोबर दिसेल, आणि तो बरोबर दिसतो म्हणूनच फसवा असेल. तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त आला म्हणून हवा सोडणे ही तर त्याहून मोठी चूक. किती हवा हवी हे कुणाला विचारायची गरज नाही. चेन कव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तिकेत ते छापलेले असते, एकट्यासाठी वेगळे आणि दोघांसाठी वेगळे. हा दुसरा आकडा फार थोडे लोक वाचतात, आणि लांबच्या प्रवासाला लागतो तो नेमका तोच. नायट्रोजन भरला आहे म्हणून हे सगळे लागू नाही, असे काहींना वाटते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात. शे-दोनशे रुपयांचा स्वतःचा प्रेशर गेज बाळगणे हा त्याहून चांगला खर्च.

हवेनंतर रबर. टायरच्या खाचांच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर आडव्या उंच पट्ट्या असतात. त्या कुठे आहेत हे दाखवणारा छोटा त्रिकोण किंवा इंग्रजी टीडब्ल्यूआय ही अक्षरे बाजूच्या भिंतीवर कोरलेली असतात. खाच झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला. पण गणपतीच्या दिवसांत, कोकणातल्या पावसात, टेकेपर्यंत थांबणे चुकीचे आहे, कारण खाचांचे काम रबराखालचे पाणी बाहेर फेकणे हे आहे, आणि उथळ खाच ते काम आधीच सोडून देते. वयही पाहायला हवे. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. कमी चाललेल्या गाडीचा टायर खाचा भरपूर असूनही आतून कडक आणि तडकलेला असू शकतो, आणि ‘गाडी फारशी चाललेलीच नाही’ हे कौतुक तिथे उलटे पडते.

ब्रेकच्या बाबतीत घाट हाच खरा परीक्षक आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तिथून सावंतवाडीकडे जाताना सहाशे मीटर उतार धरला, आणि गाडी, दोन माणसे, सामान मिळून तीनशे किलो वजन धरले, तर त्या उतारात जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात साडेपाच लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. यातला काही भाग हवेचा रोध खातो, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराचसा भाग इंजिन खाते. उरलेली सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ती पॅड आणि डिस्कपुरती राहत नाही. कॅलिपरमधून ब्रेक ऑईलपर्यंत पोचते. बहुतेक गाड्यांत वापरले जाणारे डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑईल नवे असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्याला हवेतला दमटपणा शोषण्याची खोड आहे, आणि पाण्याचे प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेले की या प्रतीसाठी ठरवून दिलेली मर्यादाच १५५ अंशांवर येते. ते उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात; द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊनही गाडी थांबत नाही. ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचे ते यासाठी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीने तर ही मुदत मुळीच ओलांडू नये. इथे एक सवय मुद्दाम मोडायला हवी. डबीतली पातळी खाली गेलेली दिसली की मेकॅनिक वरून ऑईल घालतो आणि काम झाले असे समजतो. पण पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि पातळी आपोआप उतरते. म्हणजे उतरलेली पातळी हा पॅड बघण्याचा निरोप आहे. ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या दांडीवर बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेच्या पलीकडे गेला, तर शू बदलायची वेळ झाली.

चेनबद्दल एक गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. लांब निघण्याआधी गॅरेजवाल्याला सांगितले जाते, ‘लांब जायचंय, चेन जरा टाईट करून दे.’ हेतू चांगला, परिणाम वाईट. मागे माणूस बसला, सामान चढले की मागचा शॉकॲबसॉर्बर दबतो, चाक वर सरकते, आणि पुढचे स्प्रॉकेट ते मागचा ॲक्सल हे अंतर वाढत जाते. म्हणजे गाडी जितकी लादाल तितकी चेन आपोआप ताणली जाते. रिकाम्या गाडीवर अगदी ताठ केलेली चेन लादलेल्या गाडीवर, खड्ड्यात आदळताना, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि स्वतःच्या कड्यांवर सगळा ताण टाकते. रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांना खालच्या बाजूच्या मध्यावर दोन ते तीन सेंटिमीटर झोळ हवा असतो. नेमका आकडा आणि गाडी कोणत्या स्टँडवर ठेवून मोजायचा हे पुस्तिकेत दिलेले असते, आणि मोजायला शाळकरी मुलाची पट्टी पुरते. चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते; जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथला आकडा धरायचा. चेन ‘वाढते’ असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जाऊन ती वाढत नसते. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकांवर घासून केसभर झिजतात, आणि शंभरावर कड्यांची झीज एकत्र होते. ११८ कड्यांची, प्रत्येकी १२.७ मिलिमीटरची चेन एक टक्का वाढली तरी लांबी पंधरा मिलिमीटरने वाढते. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडत असेल, तर तिला घट्ट करण्यात अर्थ नाही, पूर्ण चेन सेट बदलावा. ऑईल किंवा स्प्रे मारायचा तो गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, म्हणजे तो आत शिरतो. सकाळी निघताना मारलेला स्प्रे बराचसा रिमवर उडतो, आणि कधी टायरवरही. चेन साफ करताना इंजिन चालू ठेवून चाक फिरवण्याची पद्धत मात्र पूर्ण बंद व्हायला हवी. तिने माणसांची बोटे गेली आहेत. आणि ड्रम ब्रेकच्या गाडीत चेन घट्ट करताना मागचे चाक सरकते, म्हणून ब्रेकचा ताणही बदलतो, हे विसरू नये.

आता नव्या गाड्यांचा मुद्दा. हल्लीच्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे, एबीएस आहे, डॅशबोर्डवर चूक दाखवणारे दिवे आहेत. मग हे सगळे जुन्या काळचे नाही का? काही बाबतींत आहे, आणि ते बरेच झाले: कार्ब्युरेटरचे जेट रस्त्याकडेला उघडून फुंकायचे दिवस संपले. पण २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना सक्तीचे झालेले एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढेच करते. गुळगुळीत टायरला ते पकड देऊ शकत नाही. दिवा लागतो तो सेन्सर जिथे आहे तिथलाच. चेनला, पॅडच्या जाडीला, हँडलच्या कोनसेटला बहुतेक गाड्यांत सेन्सरच नाही. शिवाय इंजेक्शनमुळे एक नवे परावलंबन आले आहे. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि अनेक गाड्यांना आता किकच नाही, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली तर धक्का मारूनही गाडी सुरू होईल याचा भरवसा नसतो. साध्या मल्टिमीटरने रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या वर आणि इंजिन थोडे रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा आला पाहिजे. २०१७पासून हेडलाईट सतत चालू राहतो, म्हणून तो तपासण्याची आठवणच पुसली गेली आहे. अप्पर आणि डिप्पर दोन्ही लागतात का, आणि पुढच्या व मागच्या दोन्ही ब्रेकने मागचा लाल दिवा पेटतो का, हे रात्री भिंतीसमोर उभे राहून अर्ध्या मिनिटात कळते. इंजिन ऑईलचे फार सांगायला नको. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत ते जेमतेम लिटरभर असते, आणि तेच गिअर आणि क्लचलाही पुरायचे असते, म्हणून दोनशे मिलिलिटर कमी असणे ही छोटी बाब नव्हे. गाडी सपाटीवर सरळ उभी करून पातळी पाहावी. साईड स्टँडवर कललेल्या गाडीत ती चुकीचीच दिसते.

‘कालच सर्व्हिसिंग केलंय’ हे उत्तर सर्वांत समाधानकारक वाटते, आणि माझ्या मते सर्वांत घातक तेच आहे. सर्व्हिसिंगमध्ये अनेक नट सैल करून पुन्हा आवळले जातात: ॲक्सल, ऑईलचा ड्रेन बोल्ट, कॅलिपर, केबलचे ॲडजस्टर. त्यातला एखादा अर्धवट राहिला, तर तो पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरांत सांगतो. ते किलोमीटर ऑफिसच्या वाटेवर झाले, तर थेंबभर ऑईलचा डाग पार्किंगमध्ये दिसतो. पहाटे चारला महामार्गावर झाले, तर तो अंधारात सांडत राहतो. नवे भाग तर लगेच पूर्ण काम देतच नाहीत. नव्या टायरचा पृष्ठभाग घासला जाऊन पकड येईपर्यंत शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावी लागते. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत कमी धरतात, आणि नवी चेन सुरुवातीलाच थोडी सैल होऊन पुन्हा मोजायला लागते. गाडी चार दिवस आधी तपासायची ती एवढ्यासाठी, की झालेली दुरुस्तीही तपासली जावी. वाटेत गॅरेज भरपूर आहेत, ही समजूतही पूर्ण चुकीची नाही. पंक्चरवाला कोकणातल्या बहुतेक मोठ्या गावांत भेटतो, क्लच वायरही मिळते. पण तुमच्याच मॉडेलचे ब्रेक पॅड किंवा चेन सेट चतुर्थीच्या आदल्या दिवशी कणकवलीत मिळतील, असे गृहीत धरता येत नाही. चार दिवस हाताशी असले, तर शहरातल्या दुकानातून ते मागवता येतात.

उरते ती लादलेली फेरी, जी जवळजवळ कुणी करत नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी गाडीवर प्रवासात जेवढे सामान असेल तेवढे बांधावे, मागे बसणाऱ्यालाही घ्यावे, मागच्या टायरला दोघांसाठीचा दाब द्यावा, शॉकॲबसॉर्बर त्या वजनासाठी एक-दोन खाचा वर करावा, आणि वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन यावे, शक्यतो संध्याकाळी. मागे वजन आले की गाडीचे नाक उचलते आणि हेडलाईटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागतो. तो खाली करायला एक स्क्रू पुरतो, पण ते दिसायला अंधार लागतो. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ॲक्सिलरेटर सोडावा: तो दोन्हीकडे स्वतःहून झटकन मिटला पाहिजे, आणि हँडल वळवताना इंजिनचा आवाज चढता कामा नये. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलवली आणि मुठीत ‘टक’ असा धक्का जाणवला, तर कोनसेट सैल आहे. परत आल्यावर चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच गरम असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही. ॲक्सलच्या नटावर आणि त्याच्या शेजारच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या ऑईल पेंटची एक सरळ रेघ ओढावी. मग वाटेत चिपळूणला चहाला थांबल्यावर नुसते वाकून बघितले तरी पुरते: रेघ जुळलेली असेल तर नट जागचा हललेला नाही.